फक्करथ आणि पांगुळगाडा

महाराष्ट्रांतील जुन्या घरांच्या माळ्यांवर ज्या लांकडी वस्तू पडून राहिलेल्या आढळतात, त्यांत पांगुळगाड्याइतकी उपेक्षित वस्तु दुसरी क्वचितच असेल. पोथ्या, सनदा, शस्त्रें, दौती, अडकित्ते यांस संग्रहांत मानाचें स्थान मिळतें. पांगुळगाडा मात्र घरांतलें मूल चालूं लागलें कीं शेजारच्या घरीं जातो, तेथून आणखी एखाद्या नातलगाकडे, आणि शेवटीं चाक निखळलें म्हणजे जळणांत. त्यामुळें ज्याचा काल सांगतां येईल असा जुना पांगुळगाडा मिळणें दुर्घट झालें आहे. वस्तु अशी दुर्मिळ झाली, तरी तिचें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे, आणि तें नांवच एका जुन्या वैद्यकग्रंथांतील उल्लेखाशीं ताडून पाहण्याजोगें आहे. प्रस्तुत लेखांत तेंच करण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तूचें वर्णन देतों. कारण तरुण वाचकांस ती बहुधा नांवानेंच ठाऊक असते. खालीं लांकडाची बैठक. तिला पुढें एक व मागें दोन अशीं तीन चाकें. बैठकीवर दोन उभे खांब आणि त्यांस जोडणारी एक आडवी दांडी. दांडीची उंची मुलाच्या छातीइतकी. मूल ती धरून उभें राहतें व गाडा पुढें ढकलतें. गाडा सरकला कीं पाऊल टाकावेंच लागतें, आणि पाऊल टाकलें कीं गाडा पुन्हा सरकतो. चाकांचा खडखडाट हा ह्या वस्तूचा दोष नसून गुण होय. मूल घरांत कोठें आहे हें माजघरांत काम करणाऱ्या आईस त्यावरून न पाहतां कळतें.

आतां नांवाकडे वळूं. पांगुळ हा शब्द संस्कृत पङ्गुल ह्यापासून आणि तो पङ्गु ह्यापासून आला, हें उघड आहे. पङ्गु शब्द जुना आहे. त्याचें स्त्रीलिंगी रूप दीर्घ करण्यापुरतें पाणिनीनें चवथ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत एक स्वतंत्र सूत्र खर्चीं घातलें आहे. तेव्हां पांगुळगाडा म्हणजे पंगूचा गाडा. परंतु ज्याच्यासाठीं हा गाडा आणतात तें मूल पंगु नसतें. तें रांगत घरभर हिंडत असतें, खांब धरून उभें राहत असतें, वर्षाचें होऊन दुसऱ्या वर्षांत नुकतेंच शिरलेलें असतें. अशा सुदृढ मुलाच्या वस्तूस पंगूचें नांव कां पडावें?

शेजारच्या भाषांत असें झालेलें नाहीं. गुजरातींत ह्याच वस्तूस चालणगाडी म्हणतात. तमिळांत नडैवण्डि म्हणतात, आणि नडै म्हणजे चालणें. ह्या दोन्ही भाषांनीं गाड्यास त्याच्या फलावरून नांव दिलें. मराठीनें तो ज्याच्यासाठीं आहे त्याच्यावरून दिलें. भाषा असा भेद उगीच करीत नाहीत. निदान तो भेद दिसल्यावर त्याचें कारण शोधणें हें आपलें काम आहे.

असें नांव संस्कृतांत एके ठिकाणीं आढळतें, आणि तें काश्यपसंहितेंत होय. ह्या ग्रंथाची हकीकत पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष आवडेल अशी आहे. कौमारभृत्य, म्हणजे बालकांचें वैद्यक, हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक. परंतु चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांसारखी ह्या अंगाची स्वतंत्र संहिता दीर्घकाल कोणाच्या पाहण्यांत नव्हती. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा ह्यांच्या संग्रहांत तिची एक ताडपत्रावरची पोथी निघाली. पोथी खंडित, आरंभ नाहीं, शेवट नाहीं, मधलींही पुष्कळ पानें गेलेलीं. जें हातीं आलें तें मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत १९३८ सालीं छापून प्रसिद्ध झालें, आणि हेमराज शर्मांनीं त्यास जोडलेला विस्तृत संस्कृत उपोद्घात हा स्वतःच एक ग्रंथ आहे. ह्या तंत्राची परंपरा कश्यप, वृद्धजीवक व प्रतिसंस्कर्ता वात्स्य अशी सांगितली आहे. पांच वर्षांचा जीवक कनखल येथें गंगेंत बुडी मारून वर आला तो पिकल्या केसांचा वृद्ध होऊन, म्हणून तो वृद्धजीवक. पोराचें बोलणें ऋषि मानीनात, तेव्हां त्यास हें करावें लागलें, अशी कथा त्यांतच आहे. बालवैद्यकाच्या ग्रंथास ती शोभते. संहितेच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, व प्रस्तुत मुद्द्यास त्याची अडचण नाहीं.

ह्या संहितेच्या चिकित्सास्थानांत फक्क नांवाच्या रोगावर एक अध्याय आहे. मूल एक संवत्सराचें होऊनही पायांनीं चालत नसेल तर तें फक्क समजावें, अशी व्याख्या तेथें केली आहे. फक्क शब्द पुष्कळांस अपरिचित वाटेल. परंतु धातुपाठांत फक्क् हा धातु खालून अथवा मंद जाण्याच्या अर्थीं दिलेला आहे. व्याकरणाच्या पाठशाळेंत ज्यांनीं दिवस काढले त्यांस फक्किका शब्दही ठाऊक असेल. कौमुदींतील जीं दुर्घट वाक्यें विद्यार्थ्यास सरळ पुढें जाऊं देत नाहीत त्यांना पंडित ह्याच नांवानें ओळखतात. तेव्हां फक्क म्हणजे जो उभ्यानें न जातां खालून जातो तो. ग्रंथकारानें त्याचें वर्णनही तसेंच केलें आहे: हात व गुडघे ह्यांवर चालणारा, शरीराचा खालचा भाग निर्बळ, नितंब, बाहू व मांड्या सुकलेल्या, पोट व डोकें मोठें, डोळे पिवळे, हाडें वर दिसत असलेलीं.

हें वर्णन डोळ्यांपुढें ठेवल्याखेरीज पुढचें समजणार नाहीं. हें मूल केवळ चालावयास उशीर लावणारें मूल नव्हे. तें खंगलेलें मूल आहे. ग्रंथकार त्याचे तीन प्रकार करतो. आईच्या वा दाईच्या दूषित दुधामुळें होणारा एक, ज्वरादि दुसऱ्या व्याधीनें खंगल्यामुळें होणारा एक, आणि तिसरा गर्भज. हा तिसरा प्रकार सर्वांत विचार करण्याजोगा आहे. अंगावर पिणाऱ्या मुलाची आई पुन्हा गरोदर राहिली म्हणजे तिचें दूध आटतें, आणि पहिलें मूल सुकूं लागतें. वाग्भटानेंही पारिगर्भिक नांवानें अशाच मुलाचें दुखणें सांगितलें आहे.

आमच्या वैद्यांनीं हें जाणलें होतें ह्याचा उगीच डांगोरा पिटण्याची आम्हांस हौस नाहीं. पण एक योगायोग नोंदल्यावांचून राहवत नाहीं. १९३३ सालीं सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टरबाईंनीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील मुलांत आढळणाऱ्या एका रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९३५ सालीं त्यास तेथील गा भाषेंतलें क्वाशिओरकोर हें नांव लावलें. त्या नांवाचा आशय असा कीं, धाकटें भावंड आल्यामुळें ज्याची आईजवळची जागा गेली त्या मुलाचें दुखणें. पोट मोठें दिसतें, दंड व मांड्या सुकतात; कारण दूध सुटलें आणि त्याच्या जागीं पुरेसें पौष्टिक अन्न आलें नाहीं. दोन प्रांत, दोन काल, आणि परस्परांचा परिचय नाहीं. तरी रोगाचें नांव दोहींकडे मुलाच्या घरांतील स्थानावरून पडलें आहे. आजचे कांहीं वैद्य फक्काचा संबंध मुडदुसाशीं, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावानें हाडें मऊ पडण्याच्या रोगाशीं, जोडतात. आमच्या मतें एकाच रोगावर बोट ठेवणें बरोबर नाहीं. जो रोग ग्रंथकार स्वतः तीन कारणांनीं होतो म्हणून सांगतो, तो त्याच्या दृष्टीनें एक रोग नसून एक अवस्था आहे. तिचीं लक्षणें कांहीं मुडदुसाचीं, कांहीं उपासमारीचीं.

उपचारांत क्रम आहे, आणि आमच्या मुद्द्याचा प्राण ह्या क्रमांत आहे. प्रथम औषधी तुपें. मग विरेचन. मग वनस्पतींनीं सिद्ध केलेलें दूध, यूष, मांसरस, म्हणजे पोषण. मग तेलाचें मर्दन. आणि ह्या सर्वांबरोबर शिल्प्याकडून तीन चाकांचा फक्करथ करवून घ्यावा, व त्याच्या आधारानें मुलास हळूहळू चालण्याचा अभ्यास करवावा, असें सांगितलें आहे. त्रिचक्र हें विशेषण मूळांतलेंच आहे. चाकें तीन, करणारा सुतार, उपयोग चालण्याच्या अभ्यासाचा, आणि नांव चालूं न शकणाऱ्या मुलावरून. पांगुळगाड्याशीं ह्याहून अधिक जुळणारें वर्णन कोणी मागूं नये.

तथापि येथें सावध राहिलें पाहिजे. काश्यपसंहितेंतून हा गाडा महाराष्ट्राच्या घरांत आला असें म्हणण्यास आधार नाहीं. सुतार आपली विद्या बापाकडून शिकतो, पोथींतून नव्हे. शिवाय तीन चाकांची युक्ति मनुष्यास अन्यत्रही सुचलेली आहे. व्हिएन्ना येथील चित्रसंग्रहांत हिएरोनिमस बॉश ह्या डच चित्रकाराचें पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचें एक चित्र आहे. क्रूस वाहून नेणाऱ्या ख्रिस्ताच्या चित्रफळीच्या पाठीवर त्यानें एक नग्न बालक रंगविलें आहे, व तें तीन चाकांचा चालण्याचा गाडा ढकलीत आहे. त्याच्याही पूर्वीं, १४४० च्या सुमारास, क्लेव्हच्या कॅथरीनसाठीं लिहिलेल्या प्रार्थनापोथींत, जी आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत आहे, मरिया विणते आहे, योसेफ रंधा मारतो आहे आणि बाल येशू लांकडी चौकटींत पावलें टाकतो आहे, असें चित्र आहे. सुताराच्या घरचें मूल, तेव्हां गाडा घरचाच! फ्लँडर्सचा सुतार कश्यपाचा शिष्य नव्हता. तीन टेंकू असलेली वस्तु खालवर जमिनीवरही डगमगत नाहीं. चौथा पाय आला कीं सारवलेल्या जमिनीवर एक ना एक पाय अधांतरीं राहतो. तिवईस तीन पाय असतात ते ह्याच कारणानें. म्हणून आकाराचें साम्य हा पुरावा दुबळा होय.

नांवाचें साम्य मात्र तसें दुबळें नाहीं. सुतारास तीन चाकें सुचतील, पण सुदृढ मुलाच्या गाड्यास पंगूचें नांव देणें सुचणार नाहीं. ह्यावर कोणी म्हणेल कीं, न चालणाऱ्या लेकरास घरांतलीं माणसें कौतुकानें पांगुळ म्हणत असतील, आणि त्यावरून नांव पडलें असेल. ही शंका आम्ही हलकी मानीत नाहीं. परंतु आपल्या घरांत मुलास अशुभ बोलण्याची भीति किती, हें सर्वांस ठाऊक आहे. दृष्ट लागूं नये म्हणून दगड्या, धोंड्या असें नांव ठेवतील. पण ज्याच्या पायांची वाट सगळें घर पाहत आहे त्याच मुलास उंबरठ्यापाशीं पांगळा म्हणून हांक मारतील हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. पहाटे दान मागत हिंडणाऱ्या पांगुळ नांवाच्या भिक्षेकऱ्यांशीं ह्या गाड्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तोही व्यर्थ आहे; ते भिक्षेकरी आपल्या पायांनीं चांगले चालतात. म्हणून आमचें अनुमान असें: गाडा प्रथम खरोखरच मागें पडलेल्या, दुबळ्या मुलासाठीं होता, त्याच्यावरून त्यास नांव मिळालें, आणि पुढें तो सर्वच मुलांचा झाला. नांव जुन्या उपयोगाचें राहिलें. हें सिद्ध झालें असें आम्ही म्हणत नाहीं. उपलब्ध पुराव्यावरून अधिक संभवनीय आहे एवढेंच म्हणतों.

ह्या अनुमानाचा व्यवहाराशींही संबंध आहे. काश्यपाची व्याख्या तेवढी सुटी वाचली तर वाढदिवसास न चालणाऱ्या प्रत्येक मुलाची आई घाबरून जाईल. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांचीं निरीक्षणें करून २००६ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधारावांचून चालूं लागण्याचें सरासरी वय १२.१ महिने आलें आहे. परंतु सर्वांत लवकर चालणारीं मुलें ८.२ महिन्यांच्या आसपास चालतात, आणि निरोगी मुलांपैकीं शेवटचीं १७.६ महिन्यांपर्यंत थांबतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पूर्वार्ध हा चालण्याचाच काळ आहे. एक संवत्सर ही मर्यादा आरंभाची मानावी, अंताची नव्हे. दीड वर्ष उलटलें तरी मूल चालत नसेल तर डॉक्टरांस दाखवावें, आणि मूल सुकत चाललें असेल तर दीड वर्षाचीही वाट पाहूं नये. ग्रंथकारानें व्याख्येमागोमाग सुकलेल्या मांड्या सांगितल्या त्या ह्यासाठींच. उपचाराच्या क्रमांतही त्यानें पोषणाची सोय लावूनच रथाची योजना केली आहे. रथानें पाय येत नाहीत. आलेल्या पायांस रथ वळण लावतो.

अलीकडे ज्या गाड्या बाजारांत मिळतात त्यांत हा विवेक राहिलेला नाहीं. मधोमध झोळीसारखी बैठक, भोवतीं कडें आणि खालीं चाकें, अशी ती रचना. मूल आंत बसतें, त्याचा भार झोळीवर, पाय केवळ जमीन रेटण्यापुरते. जुन्या गाड्यांत मूल उभें असे व भार त्याच्याच पायांवर असे. हा भेद वरवर पाहतां लहान, पण सारें मर्म त्यांत आहे. अशा बसत्या गाड्यानें चालणें लवकर येत नाहीं, उलट कांहीं मुलांस उशीरच होतो, असें तपासणींत आढळलें आहे. आणि तो इतका वेगानें धांवतो कीं मोठें माणूस पोंचण्यापूर्वीं मूल जिन्यावरून खालीं जातें. कॅनडानें २००४ सालीं ह्या गाड्यांची विक्री, आयात व जाहिरात कायद्यानें बंद केली. सुश्रुतानें मुलास अकालीं बसतें करूं नये, त्यानें कुबड येण्याचें भय असतें, असें सांगितलें आहे. कुबडाची गोष्ट आज कोणी अक्षरशः घेणार नाहीं, पण मुलाच्या अंगाला जें अद्याप साधलेलें नाहीं तें बाहेरून लादूं नये हा त्यांतला आशय जुना झालेला नाहीं.

पाय फुटले कीं भय वाढतें, हें आपल्या ग्रंथकारांनीं ओळखलें होतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत कुमारागाराचें, म्हणजे मुलाच्या खोलीचें, वर्णन आहे: अंधारी नसावी, वारा एकाच बाजूनें यावा, बांधणी भक्कम असावी, उंदीर, कीटक व दांताचीं जनावरें आंत येऊं नयेत, पाणी, उखळ, स्नान व स्वयंपाक ह्यांच्या जागा नीट योजलेल्या असाव्यात. त्याच ठिकाणीं खेळण्यांचीं विशेषणें दिलीं आहेत, आणि त्यांतील एक आम्हांस फार मोलाचें वाटतें: अनास्यप्रवेशी, म्हणजे जें तोंडांत जाऊं शकत नाहीं असें. जड नसावें, टोंकदार नसावें, हें कोणासही सुचेल. परंतु मूल प्रत्येक वस्तु प्रथम तोंडानें पारखतें, आणि जी वस्तु तोंडांत मावते ती घशांतही अडकते, हें ज्यानें एका समासांत बसविलें त्यानें मुलें जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत. वाग्भटाच्या परंपरेंत लाखेचीं, रंगीत, वाजणारीं आणि आकारानें मोठीं, गाय, घोडा किंवा फळ ह्यांसारखीं खेळणीं सांगितलीं आहेत; सावंतवाडीच्या चितारआळींतलीं लांकडी फळें आठवावींत.

सुश्रुताची यादी निराळ्या तऱ्हेची आहे. मुलास घाणेरड्या जागीं, उघड्यावर, उंचसखल भूमीवर, उष्णता, धूळ, धूर वा पाणी असेल तेथें सोडूं नये. झोंपेंतून एकाएकीं उठवूं नये. झटकन् उचलूं नये. पाण्याची गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. नव्यानें चालणारें मूल पुढच्या बाजूस जड असतें, वांकलें कीं डोक्यावर पडतें. त्याला विहीर लागत नाहीं, न्हाणीघरांतली भरलेली बादली पुरते. आणि चरकानें आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी महाराष्ट्रांत अद्याप कोणी ऐकली असें दिसत नाहीं. मूल रडलें, जेवलें नाहीं किंवा ऐकत नसलें तरी राक्षस, पिशाच, पूतना ह्यांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये. आमच्या घराघरांतला बागुलबुवा चरकाच्या आज्ञेबाहेरचा आहे!

फक्करथापासून पांगुळगाड्यापर्यंतच्या मधल्या शतकांचा पुरावा जुळविणें हें एकट्या लेखकाचें काम नव्हे. तो ग्रंथांत नसेल, तर खर्चाच्या वह्यांत असेल. सुतारास काय करण्याबद्दल किती दिले, ह्या नोंदी मोडी दप्तरांत विपुल आहेत. त्या चाळणारांचें लक्ष तोफांच्या गाड्यांकडे असतें, मुलांच्या गाड्याकडे नसतें. एक उदाहरण सुचवितों. सवाई माधवरावांचा जन्म पुरंदरावर ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं झाला, आणि ता. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला तेव्हां पेशवा अवघा साडेबावीस महिन्यांचा होता. ज्याच्या नांवानें राज्य चाललें होतें तो त्या दोन वर्षांत रांगत व चालावयास शिकत होता. त्या सालांच्या खर्चाच्या कागदांत खेळण्यांच्या व सुतारकामाच्या बाबी पाहण्याजोग्या आहेत. तसेंच बालचिकित्सेच्या ज्या लहानसहान मराठी पोथ्या वैद्यांच्या घरीं असतात, त्यांत मुलास चालतें करण्याचा उपाय म्हणून गाड्याचा उल्लेख असल्यास तो महत्त्वाचा ठरेल. असा एक जरी उल्लेख दुबळ्या मुलाच्या संदर्भांत मिळाला तरी आमचें अनुमान बळकट होईल, आणि केवळ खेळणें म्हणून जुन्या काळचा मिळाला तर तें मागें घ्यावें लागेल.

ज्यांच्या घरीं जुना पांगुळगाडा असेल त्यांनीं तो देऊन टाकण्यापूर्वीं जमिनीपासून दांडीपर्यंतची उंची, चाकांचा व्यास, मागल्या दोन चाकांतील अंतर आणि लांकडाची जात एवढें मोजून लिहून ठेवावें. गाडा कोणत्या गांवीं केला, हेंही घरांतील वडील मंडळींस विचारावें. आणि त्यांच्या तोंडीं त्याचें दुसरें एखादें नांव असेल तर तें जसें उच्चारतील तसेंच टिपून घ्यावें.